उकंडाकाका मधात सरकतात

दारव्ह्याच्या बसस्टँडसमोर भीमराजची चहाची टपरी आहे. तिथं उभं राहून उकंडा मनवरांना तुम्ही काहीही विचारा, उत्तर मी आधीच सांगून ठेवतो. काका, चाय घेता काय? "चालते." काका, बाकावर जागा नाही, उभ्यानंच घ्या. "चालते." काका, तुमची गाडी गेली, आता दुसरी दुपारी. "चालते ना बाप्पा." एकदा टपरीवरच्या एका टवाळानं विचारलं, "काका, सरकार म्हन्ते उद्या तुमाले फासावर देतो, चालते काय?" काका हसले आणि सवयीनं मान हलवून बसले. गावात त्यांना चालतेकाका म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण म्हटलं तरी काय होणार, ते त्यांना चालेलच.

नगरपरिषदेत ते वॉलमन होते. लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, गल्लोगल्ली फिरायचं आणि नळाचं पाणी सोडायचं. उन्हाळ्यात गावानं सर्वांत जास्त शिव्या ज्याला द्याव्या असा माणूस. वरच्या पुऱ्यातल्या बाया म्हणायच्या, काका, आज आमच्याकडं जास्त वेळ सोडा. चालते. खालच्या पुऱ्यातले म्हणायचे, काका, आज पहिला नंबर आमचा. चालते. टाकीतलं पाणी काही चालते म्हटल्यानं वाढत नसे. मग दोन्ही पुरे हंडे घेऊन काकांच्या दारात, काका आत भाकर हातात धरून गप्प, आणि दारात कौसल्याकाकू.

"आज पानी खालच्या पुऱ्याचं, उद्या वरच्या. ज्याले भांडाचं त्यानं माह्याशी भांडा. त्याईले जेवू द्या."

भांडायला कोणी थांबत नसे. काकू अंगणवाडीत मदतनीस होत्या. पोरांना ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता की नगराध्यक्षही रस्ता बदलून जायचे. त्या घरात बोलायचं काम काकूंचं होतं आणि मान हलवायचं काकांचं. अशी दोघांची चाळीसेक वर्षं मजेत गेली.

सलूनमध्ये काका खुर्चीवर बसायचे आणि काकू बाहेरून, भाजीची पिशवी हातात धरून सांगायच्या, "मागून बारीक करा, समोरून राहू द्या. कानावरचे बी काढा." शिंप्याकडं, "खिसा मोठा ठेवजा, त्याईची चष्म्याची डबी मावली पाह्यजे." आणि भीमराजच्या टपरीसमोरून जाता जाता, न थांबता, "त्याईच्या चायात साखर कमी वो भीमराज!" कोणत्याही काउंटरसमोर काकू पुढं आणि काका त्यांच्या एक पाऊल मागं, असं उभं राहायची पद्धत. माझ्या स्टुडिओतही तसेच. हा स्टुडिओ माझ्या वडिलांचा, देवीलाल फोटो स्टुडिओ. त्यांना मोतीबिंदू झाला तेव्हापासून मी चालवतो. पेन्शनच्या कागदासाठी काकांचा पासपोर्ट फोटो काढायचा होता तेव्हा काकूंनीच मला शिकवलं होतं की हनुवटी किती वर पाहिजे.

मागच्या वर्षी काकू गेल्या. किडनीचं दुखणं होतं, यवतमाळच्या दवाखान्यात खेपा सुरू होत्या, एक खेप परतीची झाली नाही.

त्यानंतर काका पहिल्यांदा एकटे सलूनमध्ये गेले. पोरानं विचारलं, "कशी करू काका?" काका म्हणाले, "कशीबी." बाहेर आले तर दोन्ही बाजूंनी साफ आणि वर कोंबड्यासारखा तुरा. गाव आठ दिवस हसलं. "काका, क्रिकेटच्या टीममंधी घेतलं काय?" काकाही हसले. भीमराज चहात साखर टाकतो ती लाडूत टाकल्यासारखी. काका एक घोट घेतात, डोळे बारीक करतात आणि पितात. त्यांना साखर कमी लागते हे सांगणारं माणूस आता रस्त्यानं जात नाही.

आता फोटोची गोष्ट.

कौसल्याकाकूंचे समोरचे दात थोडे पुढं होते. बोलताना त्याची त्यांना पर्वा नसे, पण कॅमेरा दिसला की काय व्हायचं कोण जाणे. जी बाई दोन पुरे एका आवाजात गप्प करायची, तिचा हात आपोआप तोंडावर जायचा. त्यांच्या पोराच्या, संघदीपच्या लग्नाचे फोटो माझ्या वडिलांनी काढले. सगळा अल्बम चाळा, काकू एक तर पाठमोऱ्या वाढत आहेत, नाही तर पदर तोंडाला लावून हसत आहेत. उघड्या चेहऱ्याचा त्यांचा जगात एकच फोटो, आधार कार्डावरचा. तो काढायचं शिबिर शाळेत लागलं त्याच दिवशी काकू दाढ काढून आलेल्या. गाल सुजलेला, तोंडात कापूस. मशीनवाला म्हणाला, हात खाली, पदर खाली, हलू नका. त्यात काकूंचा एक गाल गुळाच्या ढेपेएवढा आणि डोळे असे की आत्ताच कोणीतरी पकडून आणलंय.

त्या कार्डाचा त्यांना भयंकर राग. झेरॉक्स काढायला माझ्याकडं यायच्या आणि कार्ड काउंटरवर उलटं ठेवायच्या. "हे पाह्य," म्हणायच्या, "याले कौसल्या म्हन्ते सरकार. असी असते काय कौसल्या? मी भूतबित काई मानत नाई, आपल्या धम्मात ते बसत नाई. पन माह्या माघारी हा फोटू कोनी भितीले लावला ना, तं तेवढ्या एका कामासाठी भूत होईन."

मी हसायचो. मागं एक पाऊल अंतरावर काकाही हसायचे.

पण एक गोष्ट काकूंनी फक्त काकांना सांगितली होती. ती मला नंतर कळली, तुम्हाला आधीच सांगतो, म्हणजे पुढं काका जे करतात ते का करतात हे कळेल. दवाखान्याच्या शेवटून दुसऱ्या खेपेला, यवतमाळहून परत येताना यष्टीत काकू म्हणाल्या, "माह्या माघारी माहा फोटू लावू नोका. हा नाई, तो नाई, कोनताच नाई. पोरगं लावाले पाहीन. त्याले सांगजा."

काका म्हणाले, "चालते."

"चालते नाई. सांगजा म्हनलं ना. तुमी सांगसान?"

"सांगीन."

काकूंनी त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं म्हणे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बोलायचं काम नवऱ्याकडं दिलं होतं, आणि नवरा कसा आहे हे त्यांच्याहून जास्त कोणाला माहीत होतं?

काकांनी पोराला काही सांगितलं नाही. वर्ष होत आलं. आणि मला संघदीपचा व्हॉइस मेसेज आला.

संघदीप पुण्याला कंपनीत आहे. शाळेत माझ्या एक वर्ष पुढं. पुण्याला गेल्यापासून त्याच्या 'मले'चं 'मला' झालंय, बाकी माणूस चांगला. "भाऊ, रविवारी आईचा पहिला स्मृतिदिन आहे. विहारात पुण्यानुमोदन ठेवलंय. बाबांचा कोटातला एक चांगला फोटो काढ आणि आईला बाजूला जोड. आईचं आधार पाठवतो. गालाची सूज थोडी कमी करता आली तर बघ. एक मोठी फ्रेम विहारात ठेवायला, एक इकडं माझ्या फ्लॅटला, आणि बॅनरवर तोच. बाबांना मी सांगितलंय. ते चालते म्हणाले."

ते काय म्हणाले हे त्यानं सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

जोडी फोटो हे आमचं रोजचं काम आहे. तालुक्यातल्या कित्येक घरांत नवरा-बायको भिंतीवर शेजारी शेजारी बसलेले दिसतात, ते जिवंतपणी तसे कधी बसलेले नसतात. आधी लाज, मग काम, मग दुखणं. एक जण गेला की उरलेल्याला आमच्याकडं आणतात, आणि आम्ही जोडतो. त्याची एक रीत आहे. बाई नेहमी नवऱ्याच्या डाव्या हाताला. म्हणून बाप्याला बाकावर त्याच्या उजवीकडं सरकवून बसवायचं, डावीकडं एका माणसाची जागा मोकळी सोडायची, डावा खांदा जरा मागं घ्यायला लावायचा. बाईचा फक्त चेहरा मिळतो, मग अंग दुसरं लावायचं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये पांढऱ्या साडीतलं एक धड आहे, हात मांडीवर ठेवलेलं, माझ्या बाबांच्या वेळेपासूनचं. कोणाचं आहे कोणास ठाऊक. त्याच्यावर आजवर किती जणींचे चेहरे बसले असतील!

शुक्रवारी काका आले. दाढी गुळगुळीत, तुरा बसवायला डोक्याला तेल. दुकानात पाय ठेवला आणि काउंटरच्या एक पाऊल मागं थांबले. पुढं कोणी नव्हतं, तरी तिथंच.

"या काका. कोट घालता?"

"चालते."

स्टुडिओत एकच कोट आहे. काळा. बायोडाट्याच्या फोटोसाठी तो इथल्या अर्ध्या नवरदेवांनी घातलाय. कोणाला मोठा, कोणाला लहान, म्हणून मागून कपडे वाळवायचे चिमटे लावतो. समोरून माणूस साहेब, मागून दोरीवरचं धुणं. काकांना तीन चिमटे लागले. वर्षात बरेच सुकले होते.

"टाय लावू?"

"लावा."

"मागचा पडदा निळा ठेवू का पांढरा?"

"कोनताबी."

"काका, काहीतरी सांगा ना राजेहो, तुमचा फोटू हाये."

"तुमी कराल ते बरोबरच राहीन."

बाकावर बसवलं. बाक लांब आहे, दोन माणसांचा. काका मधोमध बसले. मी म्हटलं, "जरा उजव्या अंगाला सरका." सरकले. मी कॅमेऱ्यामागं गेलो, डोळा लावला, तर काका मधात.

"काका, उजवीकडं."

"हां हां." सरकले.

लाइट नीट केला, मागं वळलो, पुन्हा मधात. हलताना दिसले नाहीत, पण मधात. मला वाटलं बाक उताराला आहे की काय. मी जाऊन त्यांच्या खांद्याला धरून बाकाच्या टोकाला नेऊन बसवलं. "इथी. हलाचं नाई. शाळेत मास्तर बसवते तसं समजा."

"चालते."

आणि मी बटन दाबणार तोच कोटाची बाही ओढल्यासारखं करून काका हळूच, एवढे एवढे, मधात.

"काहो काका, आज काय झालं? मुंग्या हायेत काय बाकाले?"

"नाई, नाई. बसतो."

त्यांनी एकदा बाकाच्या मोकळ्या भागाकडं पाहिलं. हात तिथं ठेवला, पंजा पसरून, जागा धरल्यासारखा. यष्टीत खिडकीतून रुमाल टाकून ठेवतात ना, तसा.

"हात मांडीवर काका."

हात मांडीवर आला. फोटो झाला. दोनतीन घेतले. एकात तेवढे ते टोकाला नीट बसलेले होते, डावा खांदा मागं, बाजूला भरपूर जागा. मान मात्र ताठ, दाढ काढायला बसल्यासारखी.

मग मी त्यांना बसायला सांगून जोडकाम केलं. आधारावरचा चेहरा मोठा केला, सूज उतरवली, भेदरलेले डोळे थोडे शांत केले, ओठ मिटवले, दात गेले. पांढऱ्या साडीच्या धडावर बसवला. मान जुळवली. काम खरंच सफाईदार झालं होतं. कोणालाही वाटलं असतं की काका-काकू एका दुपारी नटून दारव्ह्याला आले आणि शेजारी बसून फोटो काढून गेले.

स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. "पाहा काका. कसं?"

काका पाहत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्या साडीतल्या बाईचे मांडीवर ठेवलेले हात त्यांनी पाहिले. काकूंच्या हाताला कामाचा बांधा होता, बोटं जाड. हे हात बारीक, नखांना रंग. तिथं त्यांची नजर बराच वेळ होती.

"चालते," ते म्हणाले.

मी फोटो संघदीपला पाठवून दिला. लगेच त्याचे जोडलेले हात आले आणि पाठोपाठ, "बॅनरवाल्याला टाकतो." काकांच्या पाठीवरचे चिमटे काढले, कोट खुंटीला लावला. काका "येतो" म्हणून बाहेर पडले.

गेले नाहीत. काचेतून मला दिसत होते. समोर भीमराजच्या टपरीवर उभे. हातात चहाचा ग्लास, पीत नव्हते. चहावर साय धरली. एक गिऱ्हाईक आलं, त्याच्या पोराचे पासपोर्ट काढून दिले, ते गेलं. काका तसेच. एकदा रस्ता ओलांडायला निघाले, मधोमध थांबले, मागं गेले. एक ऑटोवाला त्यांच्यावर ओरडून गेला. मग पुन्हा निघाले.

आत आले. काउंटरच्या एक पाऊल मागं उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. जसं काही पुढं कोणी उभं आहे आणि ते बोलेल याची वाट पाहत आहेत. मग ते पाऊल त्यांनी टाकलं आणि काउंटरवर दोन्ही हात ठेवले.

"तो फोटू," ते म्हणाले, "ठेवू नोका."

"कोणता काका? तुमचा? दुसरा घेऊ, त्यात काय—"

"तिचा. ती नोको तिथी."

"काका, पन संघदीपनं बॅनरवाल्याला पाठवला बी."

"हां." खाली पाहिलं. "मंग संघदीपले लावा."

मला क्षणभर कळलं नाही. उकंडाकाकांनी आजवर कोणाला फोन लावलेला मी ऐकला नव्हता. काकू लावायच्या, दहा मिनिटं बोलायच्या आणि शेवटी फोन काकांच्या कानाला धरायच्या. काका म्हणायचे, बरं हाये, आणि फोन परत. मी नंबर लावला, स्पीकर सुरू करून फोन काउंटरवर ठेवला.

"हां भाऊ, काम एकदम मस्त झालं."

"संघदीप, बाबा बोलतात."

तिकडून घाईघाईनं, "बाबा? बाबा काहून? बरे आहेत ना?"

"बरा हाये," काका फोनवर वाकून जोरात म्हणाले. "जेवला?"

"चार वाजले बाबा. जेवलो. काय झालं?"

"काई नाई. तो फोटू पाह्यला."

"मस्त आला ना? कोट शोभतो तुम्हाला. अन् आईची सूज बिलकूल दिसत नाही."

"हां." काकांनी कपाळ पुसलं. माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, झालं, आता 'चालते' येते. पण काकांनी काउंटरची कड पकडली, त्या लोखंडी चावीचा दांडा पकडावा तशी, आणि म्हणाले, "नोको लावू."

"काय?"

"नोको लावू म्हन्तो. तिचा फोटू. बॅनरले नोको, विहारात नोको, तुह्या घरी भितीले बी नोको."

"काहून पण?"

"तिले नोको होता."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तिनंच. यष्टीत. दवाखान्यातून येऊन राह्यलो होतो तवा. म्हने कोनताच फोटू लावू नोका, पोराले सांगजा. मी सांगीन म्हनलं होतं."

"अहो बाबा, वर्ष झालं! आज सांगता?"

"हां. आज सांगतो." काका म्हणाले. "सांगाचं काम तिचं होतं ना बाप्पा आपल्या घरी. मले जमत नाई."

फोनमधून गाड्यांचे आवाज येत होते. संघदीप कुठंतरी रस्त्यावर उभा असावा.

"लोक काय म्हणतील बाबा? आईचा स्मृतिदिन अन् आईचा फोटो नाही?" तो म्हणाला. मग थांबून, निराळ्याच आवाजात, "मले बी पाह्यजे ना बाबा. माझ्याकडं आईचा एक धड फोटो नाही."

पुण्याहून 'मले' परत आलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

काका फोनवर आणखी वाकले.

"माह्यापाशी बी नाई रे," ते म्हणाले.

मी उगाच लेन्सचं झाकण लावलं, काढलं.

"ते लग्नातले आहेत," संघदीप शेवटी म्हणाला. "हात तोंडावर घेतलेले. त्यातला एखादा?"

"ते तुह्याजवळ ठेव. पोरीले दाखव. आजी अशी हासे म्हन. पन भितीले नोको."

"मग बॅनरवर काय टाकू?"

"नाव टाक," काका म्हणाले. आता ते लवकर बोलले. "मोठं टाक. नावाचा तिले काई तरास नव्हता."

संघदीप हसला की काय झालं ते नीट कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं. आणि तुमचा फोटो तरी पाठवायला सांगा मले. एकट्याचा."

"पाठवतो. कोनताबी चालते."

फोन बंद झाला. काकांनी खिशातून रुमाल काढून काउंटरवर उमटलेले स्वतःच्या तळव्यांचे ओले ठसे पुसले.

मी फाइल उघडली. पांढऱ्या साडीतल्या बाईला पुसून टाकलं, चेहऱ्यासकट, त्या परक्या हातांसकट. एका क्लिकचं काम. काका एकटे उरले, बाकाच्या टोकाला, डावा खांदा मागं घेतलेले, बाजूला सगळा निळा पडदा.

"काका, आता तुमाले मधात घेतो. बाजू कापली की झालं."

"नोको. राहू द्या."

"अहो, अर्धा फोटो रिकामा दिसते. लोक म्हनतीन देवीलालच्या पोराले फोटू काढता येत नाई. अन् मंघाशी तं तुमी सारखे मधात सरकत होते!"

"मंघाशी तुमी तिथी कोनालेतरी आनून बसवनार होते ना," काका म्हणाले. "आता कोनी येत नाई. असू द्या तेवढी जागा."

मी असू दिली.

रविवारी विहारात गेलो. दारावर बॅनर होतं. कालकथित कौसल्याबाई उकंडा मनवर, प्रथम स्मृतिदिन. अक्षरं एवढी मोठी की बॅनरवाल्याला खालचा पत्ता कडेला दाबून बसवावा लागला. आत बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या, फुलं, आणि एरवी जिथं फ्रेम ठेवतात त्या टेबलावर नुसती पांढरी चादर. वंदना झाली. त्यानंतर जो येई तो टेबलाकडं पाही आणि काकांजवळ येऊन विचारी. अंगणवाडीच्या बाई आल्या, "जयभीम काका. फोटू काहून नाई ठेवला बाईचा?" काका म्हणाले, "तिले नोको होता." वरच्या पुऱ्यातला एक म्हातारा, "उकंडा, फोटू कोठी हाये?" "तिले नोको होता." खालच्या पुऱ्यातले आले, त्यांनाही. कोणी म्हणालं, असं असते काय कुठी, एखादा तरी ठेवा लागते. काकांनी त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा तेच सांगितलं, ना आवाज चढवला, ना खाली आणला. संघदीप शेजारी उभा होता, पोरीला कडेवर घेऊन. त्याला एकदाही बोलावं लागलं नाही.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये आता काकांचा तो एकट्याचा फोटो लागलाय. संघदीप सांगतो, येणारे पाहुणे विचारतात, याचा अर्धा भाग कापला गेला का. दारव्ह्याच्या घरीही एक प्रत दिली आहे. ती लावताना खिळा मी ठोकला. कुठं लावू म्हटल्यावर काका म्हणाले, "कोठीबी."

त्या रविवारी संध्याकाळी सामानसुमान आवरून आम्ही बसस्टँडवर आलो. संघदीपची गाडी निघाली, पोरीनं खिडकीतून हात हलवला. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावरही काका तिकडंच तोंड करून उभे होते. मग भीमराजनं न विचारता ग्लास त्यांच्या हातात दिला. काकांनी एक घोट घेतला आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

मी हळूच म्हटलं, "काका, साखर कमी टाकाले सांगा ना त्याले."

"राहू द्या," काका म्हणाले. "चालते."

"मी सांगू?"

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. आणि फुंकर मारत मारत, टपरीच्या बाकावर टोकाला बसून, तळाशी बसलेल्या साखरेसकट तो चहा संपवला.